गोल वाटेच्या पिवळ्या खुणा

सोमवार, ४ डिसेंबर

अडतीस वर्षं दुसऱ्यांची नावं रंगवली, आज पहिल्यांदा स्वतःसाठी चार ओळी लिहितोय. वही चिरंजीवांच्या कपाटातून उचलली आहे, विचारलेलं नाही. पण कारणच तसं आहे.

जंगलखात्याच्या चौकीवरचा वनरक्षक सकाळी घरी आला होता. ओढ्याकाठची सहा किलोमीटरची गोल वाट लोकांना चालण्यासाठी खुली होणार आहे. फाटकापासून निघायचं, ओढा चारदा ओलांडायचा आणि फिरून पुन्हा फाटकापाशीच यायचं. मध्ये फाटे इतके की नवखा माणूस भरकटलाच समजा. म्हणून झाडांवर खुणा हव्यात. छापील पट्ट्या लावून बघितल्या, त्या थंडीत सुटून पडल्या. "पेंटरकाका," तो म्हणाला, "हातानं रंगवणारं आता तुमच्याशिवाय आहे कोण?"

आहे कोण! हे वाक्य मी हिला तीनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा ही म्हणाली, "अहो, कळलं. आता ती शिडी वाटेतून उचला."

खरी गोष्ट पुढेच आहे. फाटकापाशी मोठी पाटी लागणार, ती मीच रंगवायची, आणि पाटीवर खाली माझं नाव येणार. दुकानं, शाळा, दवाखाने, ट्रक रंगवले. एवढंच काय, एका रुग्णवाहिकेच्या तोंडावर उलटी अक्षरंसुद्धा काढली आहेत मी, पुढच्या गाडीवाल्याला आरशात सुलटी दिसावीत म्हणून. भल्याभल्यांना जमत नाही ते. पण माझं नाव कुठेच नाही. कोपऱ्यात छोटीशी सही करू का विचारलं की मालक म्हणायचे, "कोपरा मोकळाच बरा दिसतो." आता बघा म्हणावं.

चिरंजीवांनी अट घातली आहे. त्रेसष्टाव्या वर्षी जंगलात एकट्यानं जायचं नाही. सूनबाई तिच्या सुट्टीच्या दिवशी सोबत येईल.

बुधवार, ६ डिसेंबर

सूनबाईबद्दल एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे मन मोकळं होईल.

मुलगी चांगली आहे. दोन वर्षं झाली घरात येऊन, कधी वर तोंड करून बोलली नाही. खरं म्हणजे खाली तोंड करूनही फारसं बोलत नाही. मोठ्या हॉस्पिटलात अॅम्ब्युलन्स चालवते. लग्न ठरताना मी दोन दिवस घुम्यासारखा बसलो होतो, पुढे सवय झाली.

पण तिची एक खोड काही केल्या मला पचत नाही. आमच्या घरापुढचं आवार अरुंद. घरची गाडी ती कधी सरळ आत घालत नाही. आधी रस्त्यावर थांबवते, मग मागे घेत घेत इंच-इंच आत आणते. धूर सगळा माझ्या खिडकीत. एकदा म्हटलं, "अगं, सरळ घुसव ना आत."

"निघताना सोपं पडतं, बाबा."

"मग निघताना मागे घे की. वेळ तेवढाच लागणार."

ती नुसती हसली. मीही माणूसच आहे, मदत करावी म्हणून गाडीच्या मागे उभं राहून "येऊ दे, येऊ दे" करायला लागलो. काच खाली करून म्हणते, "बाबा, तुम्ही बाजूला व्हा. मला आरशात दिसतंय." भर रस्त्यात! शेजारचा शिंपी बघत होता.

रविवार, १० डिसेंबर

आज कामाला सुरुवात. थंडी अशी की डब्यातला पिवळा रंग घट्ट झाला होता. सूनबाईनं डबा गाडीच्या गरम बॉनेटवर ठेवला, पाच मिनिटांत रंग सैल. हे मात्र मला सुचलं नसतं.

माझी पद्धत लिहून ठेवतो. आधी कोरड्या ब्रशनं साल झाडून घ्यायची, शेवाळ खरवडायचं, मग डोळ्यांच्या उंचीवर वीतभर लांब आणि चार बोटं रुंद पट्टा. साचा वापरत नाही. साचा वापरणारा पेंटर नव्हे. दर साठ पावलांना एक खूण, वळणावर आणि फाट्यावर जास्तीची. पट्टा ओढला की चार पावलं मागे यायचं आणि बघायचं. नियम एकच: एका खुणेपाशी उभं राहिलं की पुढची दिसलीच पाहिजे.

सूनबाई डबा धरून होती. दहाव्या झाडापाशी तिनं विचारलं, "बाबा, आणि परत येताना?"

मी तिला समजावून सांगितलं की ही वाट गोल आहे. गोल वाटेवर माणूस परत येत नसतो, पुढे जात जातच घरी पोचतो. त्यातच तर मजा आहे. ती "हं" म्हणाली. शिकेल हळूहळू.

पहिल्या लाकडी पुलापर्यंत एकोणतीस खुणा. लांबून बघितलं तर ओळीनं दिवे लावल्यासारख्या दिसतात. छाती भरून आली.

शनिवार, १६ डिसेंबर

तीन तासांत हवेनं सगळे रंग दाखवले. निघालो तेव्हा लख्ख ऊन, पहिल्या पुलावर भुरभुर, मग गारा, मग पुन्हा असं ऊन की स्वेटर काढावा लागला. ओलं झाड रंग धरत नाही, म्हणून सूनबाई प्रत्येक बुंधा फडक्यानं टिपत पुढे चालली. दुसऱ्या लाकडी पुलापर्यंत आणखी एकतीस झाल्या. तिचा अंगठा पिवळा झालेला दिसला. डबा कसा धरायचा ते दाखवायला हवं.

बुधवार, २० डिसेंबर

आज जरा बोललो तिला. बोलायला हवंच होतं.

दुसऱ्या पुलाकडे जाताना माझा रुमाल पडला म्हणून मागे वळलो, तर एका झाडाच्या मागच्या बाजूला, कमरेएवढ्या उंचीवर, पिवळा डाग! ठळक अंगठा उमटलेला. म्हटलं, "सूनबाई, रंगाचा हात झाडाला पुसायचा नसतो. हे काही बसस्टॉपचं भिंताड नाही. माझं काम आहे हे." आणि खिशातलं फडकं तिच्या हातात दिलं.

ती काही तरी सांगायला गेली, मग म्हणाली, "बरं, बाबा."

दिवसभर फडकं हातात ठेवून वागली. एक डाग नाही. पण पाऊस लागला आणि पूल ते आडवं पडलेलं मोठं झाड एवढ्यात चौदाच खुणा झाल्या. फाट्यांचा सगळ्यात किचकट तुकडा आहे तो.

घरी आल्यावर हिनं विचारलं, "पोर गप्प का आहे?" मी म्हटलं, ती कधी बोलत असते?

बुधवार, २७ डिसेंबर

पडलेल्या झाडापासून पुढे, ओढ्यातल्या नऊ दगडांपर्यंत. तिथे पूल नाही, एकाआड एक दगडांवरून पलीकडे जायचं. चोवीस खुणा.

सूनबाईचा अंगठा पुन्हा पिवळा. या वेळी मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. स्वच्छ हाताचं काम सगळ्यांनाच जमत नाही, आपण समजून घ्यावं.

मंगळवार, ९ जानेवारी

झालं! एकशे एकाहत्तर खुणा. शेवटची फाटकाच्या खांबावर ओढली. वनरक्षकानं दोनदा पूर्ण फेरी मारली. म्हणाला, "काका, आंधळासुद्धा चुकणार नाही." अठ्ठावीस तारखेला जंगलखात्याचे साहेब बघायला येणार, अकरा फेब्रुवारीला उद्घाटन.

आज वर्तमानपत्रावर स्वतःचं नाव बारा वेळा काढून बघितलं. आश्चर्य म्हणजे ते मला नीट येत नाही. गावभरच्या लोकांची नावं डोळे मिटून काढीन, स्वतःच्या नावातल्या पहिल्याच अक्षराची जाडी बसेना. ही म्हणाली, "जरा लहान काढा, पाटीवर वाटेचंही नाव लिहायचंय."

रविवारी सगळी वाट एकदा नुसतीच चालायची ठरवली आहे. ब्रश नाही, डबा नाही. मालकासारखी.

रविवार, १४ जानेवारी

दोघं सुखरूप आहोत. बोटं वाकत नाहीत, उद्या लिहितो.

सोमवार, १५ जानेवारी

सगळं जसं घडलं तसं लिहितो. कुठेही रंग लावणार नाही.

दहाला निघालो. ऊन इतकं छान होतं की मी रेनकोट गाडीतच टाकला. सूनबाई आभाळाकडे बघून म्हणाली, "पश्चिमेकडे काळं आहे, बाबा. पुढच्या सुट्टीला जाऊ या का?" मी म्हटलं, एवढ्यातेवढ्याला घाबरून कसं चालेल. तिनं माझाही रेनकोट आपल्या पिशवीत कोंबला, माझ्या लक्षात आलं नाही.

नऊ दगडांच्या अलीकडे पाऊस सुरू झाला. नंतर बर्फाचा चुरा असावा तसं काहीतरी टोचायला लागलं. ओढ्यापाशी पोचलो तर पाणी मातकट, आवाज मोठा, आणि नऊपैकी एकच दगड वर.

"चल," मी म्हटलं, "तो दगड दिसतोय. पलीकडची माझी खूणसुद्धा दिसतेय."

"खूण दिसतेय, तळ दिसत नाहीये. आपण मागे फिरतोय, बाबा."

"अगं, अर्धी वाट झाली. पलीकडून गेलो काय आणि अलीकडून गेलो काय, अंतर तेवढंच!"

"मी अशी माणसं उचलून आणते ड्यूटीवर," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. दोन वर्षांत त्या आवाजात ती माझ्याशी बोलली नव्हती. माझा पाय पुढे पडलाच नाही.

मग मी मागे वळलो.

एकही खूण नाही. एकशे एकाहत्तर खुणा रंगवणारा मी, आणि समोर अख्खं जंगल कोरं. सगळे पट्टे झाडांच्या पलीकडच्या अंगाला, फाटकाकडून येणाऱ्या माणसासाठी. मी रोज फाटकाकडूनच आलो, काम संपलं की उरलेला गोल पुढेच चालत पुरा केला, चार पावलं मागे जाऊन रोज बघितलं, पण परतीच्या बाजूनं एकदाही बघितलं नाही. तेवढ्यात धुकं उतरलं. फोनला तिथे रेंज नसते. भीती वाटली, आणि त्याहून वाईट म्हणजे लाज वाटली.

पहिल्या फाट्यावर मी ठासून म्हटलं, "डावीकडे." सूनबाई उजवीकडे गेली, एका झाडापाशी वाकली आणि तिनं बुंध्यावर हात ठेवला. "इकडे या, बाबा."

कमरेच्या उंचीवर पिवळा अंगठा होता.

पुढच्या झाडावर अंगठा. त्याच्या पुढच्यावर अंगठा. ती पुढे जायची, सापडला की तळवा ठेवून उभी राहायची, मी तिच्यापर्यंत पोचलो की पुढे.  

पडलेल्या झाडापाशी अंगठे संपले. तिनं तीन-चार बुंधे तपासले, मग थांबली. मला आठवलं. वीस डिसेंबर. फडकं. फाट्यांचा किचकट तुकडा, आणि त्यातली एकूण एक झाडं माझ्या हुकमानं स्वच्छ.

"इथून तुम्ही सांगा," ती म्हणाली. "तुमच्या खुणा किती पावलांवर आहेत?"

"साठ. वळणावर कमी."

"मी या झाडापाशी उभी राहते आणि हाका मारत राहते. तुम्ही साठ पावलं जा आणि मागे वळून बघा. दिसली तर ओरडा. नाही दिसली तर माझ्या आवाजावर परत या."

साठ पावलं मोजली, वळलो. काही नाही. तिच्या हाकेवर परत. दुसरा फाटा, साठ पावलं, वळलो, आणि धुक्यातून माझा पट्टा दिसला. सरळ, वीतभर, चार बोटं. "आहे!" मी असा ओरडलो की वरून पक्षी उडाले. चौदा खुणा आम्ही अशा शोधल्या. सहा वेळा चुकलो, सहा वेळा तिच्या आवाजावर परतलो. दुसरा पूल दिसला तेव्हा तिच्या हातमोज्यांतून पाणी गळत होतं आणि घसा बसला होता. पुलापुढे तिचे अंगठे पुन्हा सुरू झाले.

साडेतीनला फाटक. चौकीपुढच्या मैदानाचा चिखल झाला होता. तिथे गाडी मागे घेत बसावं लागलं असतं तर चाकं रुतलीच असती. पण आमची गाडी नेहमीसारखी रस्त्याकडे तोंड करून उभी होती. तिनं किल्ली फिरवली आणि आम्ही सरळ निघालो. दोन वर्षं माझ्या खिडकीत धूर का येत होता ते मला त्या सीटवर बसून कळलं.

वाटेत विचारलं, "अंगठे मुद्दाम उमटवलेस?"

"हो."

"मला सांगितलं का नाहीस?"

"पहिल्या दिवशी विचारलं होतं, बाबा. मग तुमचं काम इतकं सुरेख चाललं होतं की मध्येच नाक खुपसावंसं वाटेना." मग म्हणाली, "आम्हाला जातानाचा रस्ता एवढा महत्त्वाचा नसतो. जाताना चुकलं तर उशीर होतो. पण येताना गाडीत माणूस असतो."

घरी येऊन वही उघडली. दहा डिसेंबर. "आणि परत येताना?" माझ्याच अक्षरात आहे.

मंगळवार, १६ जानेवारी

कालपासून एक विचार डोक्यात भुणभुण करतोय. साहेब अठ्ठावीसला येणार. दोन दिवस गुपचूप जाऊन मागच्या बाजूंना पट्टे ओढले, अंगठे त्याखाली झाकले, तर कोणाला काय कळणार? पाटीवरचं नाव शाबूत. सूनबाई तोंडातून चकार शब्द काढणार नाही.

ती काढणार नाही, तीच तर पंचाईत आहे. बोलली असती तर निदान भांडलो असतो.

आणि मी रुग्णवाहिकेवर उलटी अक्षरं काढलेला माणूस! समोरच्याला त्याच्या बाजूनं कसं दिसेल, हे ज्याला तिसाव्या वर्षी कळत होतं, त्याला त्रेसष्टाव्या वर्षी जंगलात कळलं नाही. झोप कसली लागते.

बुधवार, १७ जानेवारी

चौकीवर जाऊन वनरक्षकाला सांगून टाकलं. सगळं, फडक्यासकट.

तो डोकं धरून बसला. "काका, मीपण दोनदा फिरलो. दोन्ही वेळा फाटकापासूनच. मला तरी कुठे सुचलं?" मग म्हणाला, "पण साहेबांच्या कानावर घालावं लागेल. कदाचित वाट यंदा उघडणारच नाही. आणि पाटीवरच्या नावाचं मी आता काही सांगू शकत नाही."

मी बरं म्हटलं. फाटकाबाहेर येऊन जरा वेळ बाकावर बसलो. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. पण पाठ ताठ होती.

बुधवार, २४ जानेवारी

सूनबाईनं दोन दिवस रजा टाकली. तिचे अंगठे तेव्हा जमतील तसे उमटवलेले, काही पुसट, काही झाडं राहून गेलेली, आणि ती चौदा तर कोरीच. दोन दिवसांत एकशे एकाहत्तरही झाडं पुरी केली. या वेळी डबा मी धरला, फडकं माझ्या हातात, आणि अंगठा तिचा.

"जरा तिरपा जातोय," मी म्हटलं.

"बाबा, करू द्या."

"करू देतोय की. नुसतं सांगतोय."

सकाळी हॉस्पिटलच्या हजेरीच्या यंत्रानं तिचा अंगठा ओळखायला साफ नकार दिला. सही करून आत जावं लागलं. रात्री हिनं तिचा हात मांडीवर घेऊन तेलानं चोळून चोळून रंग काढला आणि मला ऐकवलं, "आयुष्यभर तुमच्या शर्टांचे डाग काढले, आता सुनेचे काढते." पण चेहरा खूश होता. त्या दोघी हसत होत्या, माझ्यावरच असणार.

रविवार, २८ जानेवारी

साहेब आले. उंच, कमी बोलणारे, बुटांवर एक डाग नाही. मुद्दाम उलट्या बाजूनं चालले, मी आणि वनरक्षक मागे. थोडं आत गेल्यावर म्हणाले, "हे अंगठे काय पोरखेळासारखे? मागच्या बाजूलाही तुमचे पट्टेच काढा. चांगले आहेत तुमचे पट्टे."

आयुष्यभर मी मालकाला "हो साहेब" म्हणत आलो. आज म्हटलं नाही. "साहेब, दोन्हीकडे पट्टे काढले तर वाट सापडेल, पण दिशा सापडणार नाही. धुक्यात गोल फिरलेल्या माणसाला आपलं तोंड कुठे आहे ते कळत नसतं. मी चौदा तारखेला तसा उभा होतो. पट्टा दिसला की पुढे जातोय. अंगठा दिसला की परत येतोय."

त्यांनी वनरक्षकाला डोळे मिटायला सांगितले, त्याला खांद्याला धरून चार गिरक्या दिल्या आणि म्हणाले, "उघडा. कुठे तोंड आहे?"

त्यानं झाडाकडे बघितलं. "परतीकडे, साहेब."

साहेब त्या अंगठ्यापाशी वाकले, आपला अंगठा त्यावर ठेवून बघितला. "लहान हात आहे. कोणाचा?"

"माझ्या सुनेचा," मी म्हटलं. एवढ्या मोठ्यानं म्हणायची गरज नव्हती.

उद्घाटन ठरल्या दिवशीच. जाताना म्हणाले, "पाटीवर नावं टाका." नाव नव्हे, नावं. मी नीट ऐकलं.

रविवार, ४ फेब्रुवारी

पाटी पूर्ण झाली. वर मोठ्या अक्षरांत "ओढ्याची गोल वाट". खाली: "पिवळा पट्टा: पुढची वाट. पिवळा अंगठा: परतीची वाट. पाणी चढलं असेल तर मागे फिरा, वाट कुठे जात नाही." शेवटचे शब्द माझे आहेत, साहेबांनी ठेवले.

त्याखाली नावं. सकाळी हात ताजा असतो तेव्हा सगळ्यात चांगलं अक्षर उतरतं, म्हणून तिचं नाव आधी काढलं. एकदाही सराव केला नव्हता, पहिल्या फटक्यात बसलं. मग चहा घेतला आणि माझं. माझ्या पहिल्या अक्षराची जाडी अजूनही मनासारखी नाही, पण चालेल.

उजवा खालचा कोपरा शिल्लक होता. पेंटर जिथे सही करतो तो. अडतीस वर्षं ज्या कोपऱ्यासाठी झुरलो तो कोपरा आज माझा होता, अडवणारं कोणी नव्हतं. मी सूनबाईला हाक मारली, डब्याचं झाकण पुढे केलं आणि म्हटलं, "इथे अंगठा उठव."

"बाबा, ही जागा तुमच्या सहीची आहे ना?"

"म्हणूनच."

तिनं अंगठा टेकवला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला. ही दारातून म्हणाली, "लोक म्हणतील, पेंटरची सून अंगठेबहाद्दर आहे." सूनबाई हसता हसता डोळे पुसायला गेली आणि नाकाला पिवळा रंग लागला.

रविवार, ११ फेब्रुवारी

सकाळी ऊन, आठला भुरभुर, नऊला पुन्हा ऊन. फाटकापाशी एक्केचाळीस माणसं जमली. वनरक्षकानं मोजून नावं लिहून घेतली.

कार्यक्रमाला हॉस्पिटलची अॅम्ब्युलन्स उभी ठेवायची असते, आणि आज ड्यूटी सूनबाईची होती. गाडी आली, रस्त्यावर थांबली आणि मागे यायला लागली. माझे गुडघे विसरून मी धावलो आणि गाडीच्या मागे उभा राहिलो. "येऊ दे! येऊ दे!" सगळे बघायला लागले. काच खाली झाली. आता बाजूला व्हायला सांगणार, असं वाटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं, लोकांकडे बघितलं. मग म्हणाली, "किती जागा आहे, बाबा?"

तिथे दोन गाड्या मावल्या असत्या. "भरपूर आहे! थोडं डावीकडे. येऊ दे, येऊ दे... बस्स!"

एका बाईंनी विचारलं, "तुमच्या कोण?" त्यांनी एवढंच विचारलं होतं, पण मी दहा डिसेंबरपासून सुरुवात केली. बिचाऱ्यांना पहिल्या पुलावर पोचायला उशीर झाला.

साडेअकराला आभाळ दाटून आलं. आधी वारा, मग पाऊस, मग टोचणारा बर्फाचा चुरा, अगदी त्या दिवसासारखा. ओढ्याचा आवाज चौकीपर्यंत यायला लागला. साहेब घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. वनरक्षक शिट्टी घेऊन आत गेला. सूनबाईनं गाडीचं मागचं दार उघडून स्ट्रेचर तयार ठेवलं आणि बाहेर उभी राहिली. मी तिच्या शेजारी.  

एकच्या सुमारास धुक्यातून पहिले दोघं आले. नंतर चौघं. मग एक आजोबा, नातीचा हात धरून. नात येता येता प्रत्येक झाडाला हात लावत होती आणि मोठ्यानं आकडे म्हणत होती. "नऊ दगडांवर पाणी होतं," आजोबा म्हणाले. "पाटीवर लिहिलंय म्हणून सगळेच मागे फिरलो. ही अंगठे मोजत आली." मी मोजत होतो माणसं. तीस. छत्तीस. माझं बोलणं ऐकावं लागलेल्या बाई चाळिसाव्या. आणि शेवटी वनरक्षकासोबत, पाय लचकला म्हणून हळू चालणारा एक तरुण, एक्केचाळिसावा.

एक्केचाळीस गेले, एक्केचाळीस आले. एकही हरवला नाही, एकही पाण्यात उतरला नाही. लचकलेल्या पायाला सूनबाईनं तिथेच पट्टी बांधली आणि तो आपल्या मित्रांबरोबर घरी गेला.

साहेबांनी तिला काही तरी म्हटलं, मला ऐकू आलं नाही. ती त्यांना पाटीकडे बोट दाखवून माझं नाव वाचून दाखवत होती.

मग तिनं गाडीचं दार लावलं. आज ती गाडी रिकामी परत जाणार होती. फाटकातून सरळ निघाली, एकदाही मागेपुढे न करता, आणि मी रस्त्यावर उभा राहून ती वळेपर्यंत हात हलवत होतो. आरशात मी तिला दिसत असणार.